बालगंधर्वांची पैठणी आणि माझ्या भाच्याची साडी

रंगपट (धागाकर्ता)

गेल्या दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी माझा २३ वर्षांचा भाचा त्याच्या आजीची, म्हणजे माझ्या दिवंगत आईची, इरकली साडी नेसून दिवाणखान्यात आला. वर त्याचा नेहमीचा पांढरा सदरा होता, दाढी होती, आणि साडी त्याने नीटनेटकी, निऱ्या मोजून नेसली होती. घरात बारा-तेरा माणसे होती आणि सगळी एकदम गप्प झाली. माझे वडील काही न बोलता आतल्या खोलीत गेले. मी त्याला विचारले, "नाटकात काम करतो आहेस का?" तो म्हणाला, "नाही मामा. आजीची साडी आहे, मला आवडते, म्हणून नेसलो."

त्या दिवाणखान्यात गेली चाळीस वर्षे बालगंधर्वांचे रुक्मिणीच्या वेषातले छायाचित्र चौकटीत लावलेले आहे. वडील रोज सकाळी त्याच्यासमोर उदबत्ती लावतात. भाचा नेमका त्याच भिंतीशी उभा होता. तेव्हापासून एकच प्रश्न माझ्या मनातून जात नाही, आणि तो येथे मांडावा म्हणून हा धागा काढला आहे. पुरुषाने स्त्रीचा वेष करणे आपल्याला मुळात खटकत असते, तर मराठी माणसाने त्या छायाचित्राला इतकी वर्षे जपले नसते. मग आपल्याला नेमके काय खटकते?

इतिहास सर्वांना ठाऊक आहे, तरी थोडा सांगतो. नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजेच बालगंधर्व, १९०५ साली किर्लोस्कर नाटक मंडळीत आले आणि शकुंतला झाले. १९११ साली 'मानापमाना'तली भामिनी, १९१६ साली 'स्वयंवरा'तली रुक्मिणी, १९१९ साली 'एकच प्याला'तली सिंधू, अशा एकेका भूमिकेने त्यांनी महाराष्ट्राला वेड लावले. त्यांच्या आधी भाऊराव कोल्हटकरांनी सुभद्रा गाजवली होती, आणि त्यांच्याच काळात मास्टर दीनानाथ 'भावबंधना'तली लतिका रंगवत होते. स्त्रीपार्टी नट हा शब्द तेव्हा नाटक मंडळ्यांत गायकनट किंवा खलनट या शब्दांइतकाच साधा होता. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी 'संयुक्त मानापमान' झाले, तेव्हा केशवराव भोसले धैर्यधर होते आणि बालगंधर्व भामिनी. देशकार्याचा निधी शालू नेसलेल्या पुरुषाच्या गाण्यावर उभा राहतो आहे, यात त्या प्रेक्षागृहातल्या कोणालाही वावगे वाटले नव्हते. उलट घरोघरच्या स्त्रिया त्यांच्यासारखा पदर घेऊ लागल्या, त्यांच्यासारखे दागिने घडवून घेऊ लागल्या.

माझ्या आजीने पैठणी कशी चापूनचोपून नेसावी हे बालगंधर्वांचे नाटक पाहून शिकल्याचे आम्हाला अभिमानाने सांगितले होते. तिच्या सुनेची साडी तिच्या पणतवाने नेसली, तेव्हा मात्र आमच्या तोंडून शब्द फुटला नाही. मी विचारलेला प्रश्नच मला आता बोचतो, कारण "नाटकात काम करतो आहेस का" असे विचारताना मी त्याला एक सबब देऊ करत होतो. तो हो म्हणाला असता, तर मला हायसे वाटले असते.

उंबरठा

आपण प्रामाणिकपणे लिहिले आहे, म्हणून मीही मोकळेपणाने लिहिते. बालगंधर्वांचे गाणे माझ्याही घरात दैवत होते. परंतु त्या छायाचित्राकडे स्त्री म्हणून पाहिले की मला आधी आठवते ते हे, की त्या काळी रंगमंचावर उभे राहण्याची मुभा कुलीन म्हणवल्या जाणाऱ्या घरातल्या स्त्रीला नव्हती. कुलीन स्त्रियांनी रंगभूमीवर यावे की येऊ नये, यावर वर्षानुवर्षे वाद झाले, आणि ज्या स्त्रिया आल्या त्यांच्या चारित्र्याची चर्चा त्यांच्या अभिनयाआधी झाली. पुरुषाने स्त्रीवेष केलेला चालत होता, याचे एक मोठे कारण स्त्रीने उंबरठा ओलांडलेला चालत नव्हता, हे आहे.

१९१३ हे एकच वर्ष पाहा. दादासाहेब फाळक्यांच्या 'राजा हरिश्चंद्र'मध्ये तारामतीचे काम अण्णा साळुंके या पुरुषाने केले, कारण स्त्री मिळेना. त्याच वर्षीच्या 'मोहिनी भस्मासुरा'त दुर्गाबाई कामत पार्वती झाल्या आणि त्यांची लहानगी मुलगी कमला मोहिनी झाली. पुढे १९१७ साली 'लंकादहना'त त्याच साळुंक्यांनी राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या. त्यांचे कौतुक झाले. दुर्गाबाईंच्या वाट्याला काय आले असेल, याची कल्पना करायला फार कष्ट पडत नाहीत. रंगभूमीवर हे चित्र पालटायला १९३३ साल उजाडले. नाट्यमन्वंतर या संस्थेच्या 'आंधळ्यांची शाळा' या नाटकात ज्योत्स्नाबाई भोळे आल्या आणि स्त्रीची भूमिका स्त्रीने करणे हळूहळू स्वाभाविक ठरले. तोवर आदर्श मराठी स्त्रीने कसे लाजावे, कसे रुसावे, पदर कुठवर घ्यावा, हे पुरुषांनी लिहिले, पुरुषांनी करून दाखवले आणि आमच्या आज्यांनी त्याचा कित्ता गिरवला.

म्हणून मला वाटते, तुमच्या भाच्याची साडी बालगंधर्वांच्या पैठणीहून वेगळी आहे आणि मला ती अधिक जवळची वाटते. बाईने कसे असावे हे तो मला शिकवत नाही. त्याला एक वस्त्र आवडले आहे, इतकेच.

आता खटकते काय, याचे माझे उत्तर. आपल्या भाषेत भित्र्या पुरुषाला "हातात बांगड्या भरल्या आहेत का" असे विचारतात. मोर्चा निघतो तेव्हा निष्क्रिय अधिकाऱ्याच्या टेबलावर साडी-चोळी आणि बांगड्यांचा आहेर ठेवतात, आणि तो ठेवायला पुष्कळदा बायकांनाच पुढे करतात. मी रोज जे अंगावर घालते, ते पुरुषाला देणे हा त्याचा सर्वांत मोठा अपमान समजला जातो. मी पँट घातली तर माझी बढती होते, त्याने साडी नेसली तर त्याची घसरण होते. केरळात बालुश्शेरीच्या शासकीय शाळेत २०२१ साली मुलामुलींना एकच गणवेश आला, तो कोणता होता? शर्ट आणि पँट. त्यालाही विरोध झाला. पण मुलग्यांना स्कर्ट द्यावा, असे समर्थकांपैकीही कोणी सुचवल्याचे माझ्या वाचनात नाही. समानतेचा रस्ता सध्या तरी एकाच दिशेने वाहतो आहे.

चौघडा

मी विरोधी मत मांडतो आहे. ते द्वेषातून आलेले नाही, एवढे कृपया समजून घ्यावे. मला दोन मुलगे आहेत. रंगमंचावरचा वेष आणि दिवाणखान्यातला वेष यांत फरक आहे, असे मला वाटते. नट मखमली पडद्याआड गेल्यावर दागिने उतरवतो आणि धोतर नेसून घरी जातो, त्यामुळे पाहणाऱ्याला कुठे काय संपले ते कळते. समाजाला अशा खुणा लागतात. वेष ही भाषा आहे. प्रत्येकाने आपापला अर्थ लावायचा ठरवला, तर बोलणेच अवघड होईल. शिवाय माझा मुलगा उद्या साडी नेसून लोकलने प्रवास करू लागला, तर त्याला होणाऱ्या त्रासापासून मी त्याला वाचवू शकणार नाही. या भीतीला आपण बुरसटलेपणा म्हणू नये.

उंबरठा

त्या भीतीला मी बुरसटलेपणा म्हणणार नाही. माझ्या वडिलांनी माझ्याबद्दल हीच भीती बाळगली होती, आणि तिच्यापायी मी कितीतरी संध्याकाळी घरात काढल्या. फक्त एवढेच सांगते, की त्रास देणारा माणूस डब्यात बसलेला असतो आणि आपण कपडे बदलायला आपल्या मुलाला सांगतो.

वेष ही भाषा आहे, हे मान्य. परंतु भाषेतले शब्द अर्थ बदलतात, आणि आपल्याकडे ते पुष्कळदा बदलले आहेत. पेशवाईतल्या पुरुषांचे घेरदार जामे चित्रांत पाहावेत. कमरेखालचा तो घेर आज कोणी घातला, तर त्याला घागरा म्हणतील. कानात भिकबाळी होती. धोतर आणि नऊवारी, दोन्ही न शिवलेली, दोन्हींना कासोटा. माझी पणजी कासोटा घालून शेतात राबत होती, आणि पुरुषाच्या धोतरासारखे नेसते म्हणून तिला कोणी हटकले नाही.

माडाबन

मी सिंधुदुर्गातला आहे आणि माझे वडील दशावतारात जवळजवळ तीस वर्षे स्त्रीपात्र करत होते. म्हणून श्री. चौघडा यांच्या पडद्याच्या मुद्द्याबद्दल लिहावेसे वाटते, कारण आमच्याकडे पडदा नसतो.

देवळाच्या आवारात जत्रेच्या रात्री नाटक उभे राहते. मागे कापड, पुढे एक बाक, बाजूला पायपेटी, पखवाज आणि झांज. नट आपला पेटारा स्वतः आणतो, आपला चेहरा स्वतः रंगवतो, आपली साडी स्वतः नेसतो. संहिता लिहिलेली नसते. आख्यान ठरते आणि संवाद उभ्या उभ्या सुचतात. गावातली मुले रंग लावताना भोवती बसून बघत असतात. मीही बघत असे. आधी वडील, मग अर्धे वडील आणि अर्धी द्रौपदी, मग द्रौपदी. कुठली खूण कुठे संपली, असा प्रश्न मला कधी पडला नाही. पहाटे दहीकाला झाला की अर्धवट पुसलेल्या रंगानेच ते चहा घेत, आणि गावकरी त्यांच्याशी पावसाबद्दल बोलत. आजही दशावतारात स्त्रियांची कामे बहुतेक पुरुषच करतात, आणि चांगल्या स्त्रीपात्रासाठी लोक दोन गावे ओलांडून येतात.

पण सगळे गोड होते, असे मी म्हणणार नाही. वडिलांनी भुवया कोरलेल्या असत आणि केस मानेवर वाढवलेले असत. जत्रांचा हंगाम संपून ते बाजाराला गेले, की अनोळखी माणसे मागून शब्द टाकत. देवळाच्या आवारात ज्याला हात जोडले, त्यालाच एस. टी. स्थानकावर हसायचे, हे मी लहानपणी डोळ्यांनी पाहिले आहे. त्या दिवशी त्यांच्या अंगावर लेंगा-सदरा होता. म्हणजे कपडे उतरवूनही सुटका नव्हती. तमाशातल्या नाच्याचे तर याहून कठीण. कोल्हापूरच्या गणपत पाटलांनी मराठी चित्रपटांत तो नाच्या इतका जिवंत केला, की त्या भूमिकेची छाया त्यांच्या खासगी आयुष्यावरही पडली.

गवळण

या चर्चेत देवाचे दार राहून गेले आहे. महाराष्ट्रात पुरुषाने स्त्रीरूप घेण्याची सर्वांत जुनी जागा भक्तीची आहे. ज्ञानेश्वरांच्या विरहिणी वाचाव्यात, एकनाथांच्या आणि तुकोबांच्या गवळणी ऐकाव्यात. पुरुष "मी" म्हणतो आणि तो मी स्त्रीलिंगी असतो. ज्ञानेश्वरांना आपण माउली म्हणतो, विठ्ठलाला विठाई म्हणतो, आणि पंढरीच्या वाटेवर हे म्हणताना कोणाची जीभ अडखळत नाही. नेवाशाला मोहिनीराजाचे मंदिर आहे. विष्णूचे ते स्त्रीरूप आणि नावाच्या शेवटी राज. त्या एका नावात दोन्ही लिंगे सुखाने नांदतात.

मात्र या दाराचेही दर पाहावेत. लेखणीतून स्त्री होणाऱ्याला आपण संत म्हटले. अंगावर ते रूप घेणाऱ्याला दारोदार फिरायला लावले. पोतराज कमरेला रंगीत चिंध्यांचा घेर बांधतो, केस वाढवतो, कपाळभर हळदकुंकू लावतो आणि आपल्याच अंगावर आसूड ओढतो. यल्लम्माला सोडलेला जोगता लुगडे नेसून परडी आणि चौंडके घेऊन जोगवा मागतो. त्यांतल्या कितीजणांना विचारून सोडले होते? बहुतेकांना घरच्यांनी नवसापोटी किंवा केसात जट आली म्हणून सोडले, आणि ती घरे बहुतांशी गरीब आणि दलित होती. म्हणून "आपल्या परंपरेत हे होतेच" असे कोणी सहज म्हटले, की मला थांबावेसे वाटते. परंपरेत वेष होता, त्या माणसाची इच्छा क्वचित होती.

दूरदेशी

मी एडिंबरामध्ये राहतो. येथे सहकाऱ्याच्या लग्नात नवरदेवासह सगळे पुरुष किल्ट घालून होते, आणि मला ते वस्त्र प्रथमच जवळून दिसले. गुडघ्यापर्यंतचा चुण्यांचा घेर, आणि त्यात पुरुषांची मान अधिकच ताठ. १७४६ च्या कायद्याने हाइलँडमधल्या सामान्य पुरुषांना हा वेष बंद केला होता आणि १७८२ साली ती बंदी उठली. आज तो कुळाचा आणि सैन्याचा अभिमान झाला आहे. त्याच सहकाऱ्याला मी विचारले, की बहिणीचा स्कर्ट घालशील का, तेव्हा तो मनापासून दचकला. कापडाचा आकार जवळजवळ तोच. पुरुषपण कापडात नसून त्याला जोडलेल्या कहाणीत असते, असे मला त्या दिवशी पटले.

सदाफुली

मी पारलिंगी स्त्री आहे. हा धागा मी तीन दिवस वाचते आहे आणि लिहावे की नाही, या विचारात होते. एक गोष्ट स्पष्ट झाली पाहिजे. मी साडी नेसते तेव्हा तो पुरुषाने केलेला स्त्रीवेष नसतो. ती माझी साडी असते. धागाकर्त्यांचा भाचा पुरुष आहे आणि त्याला साडी आवडते. त्याचे प्रकरण वेगळे आहे आणि माझे वेगळे. सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ च्या निकालात आपली लिंगओळख आपण ठरवण्याचा हक्क मान्य केला, तो हक्क कपड्यांबद्दलच्या आवडीनिवडीहून खोल आहे. २०१९ च्या कायद्याखाली मला ओळखपत्रासाठी जिल्हाधिकारी कार्यालयात अर्ज करावा लागला, आणि त्या कागदावर माझे घरभाडे, माझी नोकरी, माझे दवाखान्यातले नाव अवलंबून आहे. नट रंग पुसतो. मला पुसायला काहीही नाही.

तरीही त्या मुलाचे आणि माझे एका ठिकाणी जुळते. त्याला रस्त्यात हाक मारतील ती आमच्या समाजाच्या नावाने मारतील. ते नाव त्याच्यासाठी शिवी असेल आणि माझ्यासाठी माझ्या माणसांचे नाव. त्याने चिडून "मी तसा नाही" असे म्हटले, तर तो खरेच बोलत असेल; फक्त ते म्हणताना "तसे" असणे ही लाजेची गोष्ट आहे, असे त्याच्या स्वरातून येऊ नये, एवढी माझी त्याला विनंती सांगा. श्री. चौघडा, आपल्या मुलग्यांसाठीही हीच विनंती आहे.

चौघडा

सदाफुली यांनी लिहिलेले मी आज माझ्या मोठ्या मुलाला वाचून दाखवले. तो १६ वर्षांचा आहे. त्याने विचारले, "बाबा, जावळाआधीचा माझा फोटो तुम्हीच काढला होता ना?" आमच्या घरी रीत आहे, आणि मला वाटते पुष्कळ मराठी घरांत आहे, की जावळ काढण्यापूर्वी मुलाला परकर-पोलके घालून, वेणी घालून, त्यावर गजरा माळून एक छायाचित्र काढायचे. माझे तसे आहे, माझ्या वडिलांचेही आहे, आणि ते पाहून घरातली सगळी माणसे आजही हरखतात. मुलाने मला विचारले, की हे कोणत्या वयापर्यंत चालते. माझ्याकडे उत्तर नव्हते. माझी भीती गेलेली नाही. पण खुणा हव्यात, असे जे मी लिहिले, ते पुन्हा तपासून पाहावे लागेल, हे मी मान्य करतो.

रंगपट (धागाकर्ता)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. सदाफुली, आपले शब्द मी भाच्याला जसेच्या तसे पाठवले. त्याने उत्तर दिले, की त्याला एकदा अशी हाक आली होती आणि तो "मी तसा नाही" असेच ओरडला होता. त्याबद्दल आपली क्षमा मागावी, असे त्याने मला सांगितले आहे.

गवळण यांच्या प्रतिसादाने माझा प्रश्न मला नीट कळला. रंगमंच, देव आणि जावळ या तिन्ही ठिकाणी त्या पुरुषाच्या वतीने दुसरे कोणीतरी उत्तर द्यायला हजर असते. नाटककार असतो, देवी असते, आई असते. माझ्या भाच्याच्या मागे असे कोणी नव्हते. "मला आवडते" एवढेच त्याच्याकडे होते, आणि पुरुषाच्या तोंडून साडीबद्दल हे वाक्य आमच्या घरात आजवर कोणी ऐकले नव्हते. उंबरठा यांनी दाखवलेली दुसरी बाजूही मला टाळता येत नाही. आईने ती साडी आयुष्यभर नेसली, तेव्हा तिला ती आवडते का, हेही आम्ही कधी विचारले नाही. तिने काय नेसायचे ते ठरलेले होते.

वडिलांशी मी बोललो. ते ८४ वर्षांचे आहेत आणि त्यांनी काही मोठे विधान केले नाही. "तिची साडी अंगावर दिसली आणि मला बसवेना," इतकेच म्हणाले. त्या संध्याकाळी त्यांना काय झाले होते, याचा मी भलताच अर्थ लावला होता. मग त्यांनी विचारले, की पदराच्या टोपाला एक बारीक भोक होते, ते पोराने वाढू दिले नाही ना.

भाचा पाडव्याला पुन्हा येणार आहे आणि या वेळी त्याला नऊवारी नेसून पाहायची आहे. त्याची अडचण अशी, की कमरेला घट्ट बसत नाही आणि निऱ्या सुटतात. माडाबन, आपले वडील रात्रभर नाचत, पळत, युद्ध करत असत. त्यांची साडी कशी टिकत असे?

माडाबन

वडिलांना विचारून लिहितो आहे. ते शेजारीच बसले आहेत आणि प्रश्न ऐकून बऱ्याच दिवसांनी खुलले आहेत. ते म्हणतात, आधी कमरेला सुती नाडी घट्ट बांधावी आणि पहिली गाठ तिच्यावर बसवावी, म्हणजे पुरुषाच्या सरळ कमरेवरून लुगडे खाली घसरत नाही. निऱ्या घालताना पोट आत घेऊ नये, श्वास नेहमीसारखा ठेवावा, नाहीतर बोलायला लागल्यावर सैल पडतात. कासोटा खोचण्यापूर्वी एकदा उकिडवे बसून पाहावे. आणि नवी साडी घेऊ नये, जुनी, धुऊन मऊ झालेली घ्यावी. ती अंगाला धरून राहते. आजीची आहे म्हटल्यावर ते म्हणाले, "मग तीच बरी."